दहा बाय सोळाची खोली: पोटमाळा राहता करताना

खोली गिरगावातल्या जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. रुंदी १० फूट, लांबी १६ फूट, उंची साडेबारा फूट. पुढे सामाईक गॅलरी, मागच्या अर्ध्या भागात ओटा आणि मोरी, आणि त्यांच्या डोक्यावर ८ फूट खोल लाकडी पोटमाळा. क्षेत्रफळ १६० चौरस फूट, म्हणजे मुंबईतल्या सरकारी बीडीडी चाळीतल्या खोलीएवढंच. पण बीडीडीच्या चाळी काँक्रीटच्या आहेत. इथे लाकडी सांगाडा आणि मध्ये विटा, त्यामुळे काँक्रीटच्या घरासाठी दिलेले निम्मे सल्ले इथे चालत नाहीत. अडगळ काढून पोटमाळ्यावर झोपायची सोय करायची आणि खाली दोघांचा संसार नीट मांडायचा, एवढंच काम होतं.

आधी परवानगीचं. पोटमाळा मुळातच होता आणि आम्ही तो त्याच मापात दुरुस्त केला. नवा चढवायचा, आहे तो पुढे वाढवायचा किंवा भिंतीत नवी तुळई घुसवायची असेल तर मालकाची संमती आणि महापालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय सुताराला बोलावू नये.

अशा खोलीत लोक जमीन मोजतात आणि उंची अंदाजाने धरतात. उलट करायला हवं. आमची एकूण उंची १५० इंच. त्यात जमिनीपासून कडीच्या, म्हणजे पोटमाळा पेलणाऱ्या आडव्या लाकडाच्या, तळापर्यंत ८४ इंच. कडी ५ इंच, तिच्यावर फळी १ इंच आणि नंतर घातलेला प्लाय धरून पोटमाळ्याची जाडी साडेसहाच्या आत. वर उरले साडेएकोणसाठ इंच, म्हणजे पाच फुटांना अर्धा इंच कमी. वर कुणी ताठ उभं राहणार नाही हे इथेच ठरलं, आणि त्याबरोबर वर कपाट नको, पलंग नको, १८ इंचांपेक्षा उंच काहीच नको, हेही ठरलं. मापं चारही कोपऱ्यांत घ्यावीत. जुनी इमारत एका अंगाला बसलेली असते. आमच्याकडे गॅलरीकडची बाजू आणि मोरीकडची बाजू यांत पावणेदोन इंचांचा फरक निघाला. सगळ्यात कमी भरलेलं माप धरायचं आणि खालच्या फर्निचरला तळाशी आटे फिरवून उंची जुळवता येणारे पाय लावायचे. नाहीतर ड्रॉवर आपोआप उघडतात.

मग लाकूड. कडीपाट, म्हणजे कड्या आणि वरच्या फळ्या, तपासायला दोनच हत्यारं लागतात: हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर. हातोडीच्या दांड्याने कडीवर ठोकत जायचं. निरोगी सागवान टणटणतं, आतून खाल्लेलं भदभद वाजतं. जिथे आवाज बदलेल तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाताच्या जोराने दाबायचं. पाव इंचाहून जास्त आत गेलं तर ते लाकूड कामातून गेलेलं समजावं. मध्यभागापेक्षा भिंतीत शिरणारी टोकं आधी कुजतात, कारण ओल भिंतीतून येते. आमच्या पाच कड्यांपैकी मोरीवरच्या कडीचं टोक नऊ इंच पोकळ झालं होतं. बाकी चार ठणठणीत.

कुजलेली कडी भिंतीतून उपटून नवी घालायचा मोह होतो. तो टाळला, कारण भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि चुन्यात बसलेली वीट एकदा हलली की शेजारची दोन-चार हलतात. त्याऐवजी भिंतीपासून १४ इंचांवर, कडी जिथे निरोगी आहे तिथे खाली टेकू दिला: ५० बाय ५० एमएमचा लोखंडी बॉक्स पाइप, वर कडी धरणारी यू आकाराची पट्टी, १२ एमएमचे दोन बोल्ट आणि खाली ८ बाय ८ इंचांची प्लेट. पाइपाला गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचे दोन हात. आता ही प्लेट टेकणार कशावर? खालची जमीनही लाकडीच आहे, शहाबादीच्या खाली कड्याच आहेत. टेकू दोन कड्यांच्या मध्ये पडला तर काही वर्षांनी तिथली लादी खचते. कड्या कुठे आहेत ते आपल्या खोलीतून दिसत नाही, पण खालच्या बिऱ्हाडात छताकडे पाहिलं की सरळ दिसतात. टेप घेऊन खाली गेलो, भिंतीपासून प्रत्येक कडीचं अंतर मोजलं आणि तीच मापं वर येऊन खडूने लादीवर आखली. या खडूच्या रेषा पुढे फर्निचर ठेवतानाही कामी आल्या. २०० लिटरचं पाण्याचं पिंप भरलं की एका जागी २०० किलो वजन होतं. ते खोलीच्या मध्ये नाही, भिंतीलगत आणि कडीच्या टोकाजवळ ठेवायचं.

टेकू देण्याआधी मोरीची गळती थांबवली. नळाच्या मागच्या भिंतीला ओल होती. ती तशीच ठेवून लाकूड बदलणं म्हणजे वाळवीला नवं ताट वाढणं. वाळवीचं औषध बहुधा रॉकेलसारख्या तेलात असतं. ते मारल्यावर खिडक्या उघड्या ठेवून तीन-चार दिवस खोलीत गॅस पेटवला नाही.

पोटमाळ्याच्या जुन्या फळ्या चांगल्या होत्या, पण फटींतून धूळ थेट फोडणीत पडायची. १८ एमएमचा प्लाय टाकावा असं सुताराचं म्हणणं. आम्ही ९ एमएमचा टाकला, कारण वजन फळ्या पेलतात, प्लायने फक्त फटी बुजवायच्या होत्या, आणि जाडी निम्मी म्हणजे कड्यांवर येणारा प्लायचा भारही निम्मा. खाली मोरी असल्याने वॉटरप्रूफ प्लाय घेतला, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाचा. ८० चौरस फुटांना आठ बाय चारच्या अडीच शीट लागतात. शीट दुकानातच चार बाय चार आणि चार बाय दोनमध्ये कापून आणल्या. चाळीच्या जिन्याच्या वळणावर आठ फुटी शीट वळत नाही, हे टेम्पो परत गेल्यावर कळून उपयोग नाही. दोन तुकड्यांमध्ये ३ एमएमची फट सोडली. पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि फट नसेल तर सांध्यावर उंचवटा येतो. खिळे अजिबात नाहीत. खिळा काही महिन्यांत सैल होतो आणि रात्री कूस बदलली की खालच्याला करकर ऐकू येते. दर आठ इंचांवर ३० एमएमचे स्क्रू घातले.

जिन्यावर सगळ्यात जास्त डोकं खर्च झालं. जुनी शिडी उभी होती, ती सकाळी गॅलरीत आणि रात्री घरात. पोटमाळ्याची वरची पातळी जमिनीपासून साधारण ९० इंच. १० इंचांचे नऊ चढ केले तर मध्ये आठ पायऱ्या येतात. प्रत्येक पायरी ७ इंच धरली तर जिना जमिनीवर ५६ इंच लांबी घेतो. रुंदी २२ इंच. हा जिना डाव्या भिंतीला, पुढच्या मोकळ्या भागात ठेवला म्हणजे पोटमाळ्याला भोक पाडावं लागत नाही आणि चढताना डोकं कडीला आपटत नाही. चढ उभाच आहे, साधारण ५५ अंशांचा. ७ इंचांच्या पायरीवर पूर्ण पाऊल मावत नाही, म्हणून प्रत्येक पायरीची फळी दीड इंच पुढे काढली. उतरताना तोंड जिन्याकडे ठेवायचं, शिडी उतरतो तसं. पायरीवर गुळगुळीत सनमायका लावू नये. पायात मोजे असले की तो बर्फ होतो. खरखरीत लॅमिनेट आणि कडेला न घसरणारी पट्टी लावावी. वर पोहोचल्यावर धरायला भिंतीवर फूटभर लांबीचं उभं हँडल, आणि त्यासाठी भिंतीतला लाकडी खांब शोधून स्क्रू त्यातच घेतले. माणसाचं सगळं वजन त्या हँडलवर येतं.

जिन्याच्या पोटात तीन ड्रॉवर आणि शेवटच्या दोन पायऱ्यांखाली एक उभं, १४ इंच रुंद कपाट. त्यात झाडू, पोछा, घडीचं स्टूल, इस्त्रीचं टेबल. ड्रॉवर जिन्याच्या बाजूने, खोलीत उघडतात. चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या बाजूच्या पट्ट्या, २० इंची. इथे सुतार इंच आणि सुतांत बोलतो आणि चॅनल मिलिमीटरमध्ये बनलेलं असतं. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंचे मिळून २६ एमएम लागतात. ड्रॉवर बरोबर तेवढाच अरुंद हवा. एक सूत, म्हणजे तीन एमएमच्या आसपास, कमी सोडलं तर ड्रॉवर रखडतो. एक सूत जास्त सोडलं तर चॅनल हलतं, छर्रे एका बाजूला घासतात आणि वर्षभरात आवाज करायला लागतात. आमचा मधला ड्रॉवर असाच बिघडला होता. मागे लॅमिनेटची चिपटी सारून तो जमवला.

जिना झाल्यावर छताच्या पंख्याकडे लक्ष गेलं, खरं तर आधी जायला हवं होतं. १२०० एमएमचा पंखा खोलीच्या मधोमध होता. पात्याचं टोक डाव्या भिंतीपासून ३६ इंचांवर आणि जिना २२ इंचांचा, म्हणजे जिन्याच्या कडेपासून पातं फक्त १४ इंच. शिवाय वरच्या पायरीवर उभं राहिलं की माणसाचा खांदा नेमका पात्याच्या उंचीला येतो. पंखा काढला. खाली १६ इंची आणि वर १२ इंची, असे दोन भिंतीवरचे पंखे लावले. पोटमाळ्याच्या खोलीत छताचा पंखा ठेवायचाच असेल तर आधी जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहून हात पसरून पाहावा, पंखा बंद ठेवून.

भिंतीत काही लावताना ड्रिलमधून काय बाहेर पडतंय ते पाहायचं. या एका सवयीने आमची बरीच फळ्यांची पडझड वाचली. जुन्या भिंतीवर चुन्याचा गिलावा जवळजवळ इंचभर असतो. ड्रिल फिरायला लागलं की आधी पांढरी भुकटी येते. ती येत असेपर्यंत स्क्रूला काही पकड नाही. मग लाल भुकटी आली तर वीट लागली, तिथे गिट्टी, म्हणजे भोकात बसून स्क्रू धरणारी खुंटी, बसते. पांढरट वाळू येत राहिली तर टोक दोन विटांच्या सांध्यात आहे. ते भोक बुजवून दोन इंच वर किंवा खाली सरकावं. आणि तपकिरी, कुरळ्या सालपटी आल्या तर नशीब, खांब लागला. तिथे गिट्टीच नको, सरळ लाकडाचा स्क्रू. ड्रिलचा हातोडा-मोड चुन्याच्या भिंतीवर बंदच ठेवायचा, नाहीतर थाळीएवढा गिलावा निखळतो. बाजारात फळीबरोबर मिळणारे ३५ एमएमचे स्क्रू इथे फक्त गिलाव्यात अडकतात. १० एमएमची लांब गिट्टी आणि ७५ एमएमचा स्क्रू घ्यावा. याहून सोपा उपाय आजीच्या घरातला आहे: खुंटाळं. तीन इंच रुंद सागवानी पट्टी खांबापासून खांबापर्यंत आडवी मारली आणि पिशव्या, छत्र्या, चाव्या, आरसा, सगळं तिच्यावर टांगलं. दर वेळी भिंतीला नवं भोक नाही.

वायरिंगसाठीही भिंत खोदली नाही. केसिंग-कॅपिंगच्या, म्हणजे आत वायर झाकणाऱ्या, पट्ट्या कडीच्या रेषेने नेल्या, त्या दिसतात पण खटकत नाहीत. दिव्यांना दीड चौरस एमएमची वायर, प्लगांना अडीच, पोटमाळ्याला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारं बटण) आणि सगळ्या घराला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारं बटण). जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली दोन्हीकडे बटण हवंच. ते राहिलं तर अंधारात पायऱ्या चाचपडत मोरी गाठावी लागते.

रंगाचं फार नाही. जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडल्याशिवाय पुट्टी लावली तर ती डिस्टेंपरसकट पापुद्र्याने सुटते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावाही नको, आतली ओल अडकते आणि फोड येतात. ठिगळं चुन्याचीच दिली आणि वर नीळ घातलेल्या चुन्याचे हात. हा पांढरा रंग छोट्या खोलीत जेवढा उजेड परतवतो तेवढा महागड्या ऑफ-व्हाइटनेही परतवला नसता. खोट एकच, टेकलं की पाठ पांढरी होते. म्हणून पोटमाळ्यावर उशाकडच्या भिंतीला बांबूच्या काठीवर सोलापुरी चादर टांगली. तीच तिथली सजावट, आणि मळली की धुता येते. कड्या रंगवल्या नाहीत, घासून जवसाचं तेल चोळलं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवून मगच फेकावीत.

कठडा आधी प्लायचा बंद करायचा विचार होता, सामान दिसत नाही म्हणून. पत्र्याचा एक तुकडा उभा धरून पाहिला तर वर दुपारीही दिवा लावावा लागला असता, आणि गॅलरीकडून येणारी हवा तिथेच अडली असती. म्हणून उभ्या लोखंडी सळ्या लावल्या, दोन सळ्यांत चार इंचांहून कमी अंतर ठेवून, मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. कठड्याची उंची गादीच्या वरून मोजायची, फळीवरून नाही. चार इंचांची गादी टाकली की तीस इंचांचा कठडा सव्वीसचाच उरतो.

या घराचा खरा शत्रू म्हणजे ओट्यावरची वाफ. पोटमाळा ओट्याच्या डोक्यावर असल्याने फोडणीचा धूर वर जाऊन अंथरुणात बसतो. आठ इंची एक्झॉस्ट पंखा ओट्याच्या मागच्या भिंतीला, कडीच्या तळाच्या लगेच खाली लावला. धूर तिथेच साठतो, त्यामुळे पंखा फूटभर खाली असला तर निम्मा धूर त्याच्या हाती लागत नाही. पोटमाळ्याच्या कडेला ८ इंच खाली उतरणारी पत्र्याची झालर लावली, म्हणजे धूर पुढे वाहत नाही. सिलिंडर ओट्याखाली उभाच ठेवायचा, आणि तिथल्या दाराला तळाशी जाळी हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वरच्या बाजूला पाडलेली शोभेची भोकं निरुपयोगी. गॅसच्या सुरक्षा नळीवर छापलेली तारीख पाहून पाच वर्षांनी ती बदलायची.

सामानाची वाटणी वजनावर केली. पुस्तकांची एक फूट रांग आठ-दहा किलो भरते, त्यामुळे पुस्तकं, पाटा-वरवंटा, खलबत्ता, धान्याचे डबे, सगळं खाली आणि भिंतीलगत. वर हलकं आणि वर्षातून एकदाच लागणारं: मखर, आकाशकंदील, स्वेटर, पाहुण्यांच्या रजया. वरच्या मागच्या भिंतीला १६ इंच उंच, १८ इंच खोल पेट्यांची ओळ केली. झाकण वरून न उचलता समोरून सरकणारं ठेवलं, कारण पाच फुटांच्या आत वाकलेल्या माणसाला वरून झाकण उघडून आत पाहता येत नाही. खाली ओट्याशेजारी एक जुना कोनाडा विटांनी बुजवलेला होता. तो मोकळा केला. सहा इंच खोल जागेत मसाल्याच्या बरण्यांची एकच ओळ बसते, आणि मागची बरणी विसरली जात नाही. कपाटाच्या खोल खणांपेक्षा हे उजवं.

पुढच्या अर्ध्या भागाला साडेबारा फुटांची पूर्ण उंची आहे. तिथे छताला पुलीवरची सहा दांड्यांची वळणी टांगली. कपडे वर ओढले की खाली दिवाण, घडीचं टेबल आणि येणारा-जाणारा यांना काहीच अडत नाही. जुलैत हिच्याशिवाय भागत नाही. वळणीच्या बरोबर खाली विजेचा बोर्ड नसावा.

जुलैतच कळलेली आणखी एक गोष्ट: काथ्याची गादी प्लायवर थेट टाकली होती. दोन आठवड्यांनी उचलून पाहिली तर खालच्या बाजूला हिरवट बुरशी. अंगातली ऊब आणि घाम खाली जातो, प्लाय त्याला वाट देत नाही. मग तीन इंच रुंद पट्ट्या, मध्ये दोन इंच फट, अशी दीड इंच उंचीची चौकट खाली घातली. दिवसा गादी कठड्याशी उभी करतो. कपाटांची पाठही बाहेरच्या भिंतीपासून एक इंच सोडूनच ठेवावी.

पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की लाकूड वाळतं, आकसतं, आणि टेकूचे, कठड्याचे, जिन्याचे बोल्ट अर्धा-पाऊण आटा सैल होतात. १२ एमएमच्या बोल्टला १९ नंबरचा पाना लागतो. तो जिन्याच्या पहिल्याच ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.